चार नंबरची पट्टी

माझ्या नोकरीत दोन गोष्टी मी कधी चालताना पाहिल्या नाहीत. एक, आमच्या लॅबमधला इन्क्युबेटर. दुसरं, प्राध्यापक यादवराव निखाडे यांचं डोकं. त्यातल्या त्यात इन्क्युबेटर बटण दाबल्यावर घूं-घूं तरी करायचा.

मी गोंदियातल्या एका कॉलेजात प्रयोगशाळा सहायक होतो. परीक्षानळ्या धुणं, जर्नलांचे गठ्ठे बांधणं आणि निखाडे सरांच्या चुका पोटात घालणं ही माझी तीन कामं. पहिली दोन ऑर्डरमध्ये लिहिलेली होती. तिसऱ्या कामापायी माझं पोट सुटलं, असं मी बायकोला सांगतो. तिचा विश्वास बसत नाही.

सरांच्या पोटाचं मात्र सगळ्यांना मान्य होतं. अतिशयोक्ती करणं माझ्या स्वभावात नाही, म्हणून मोजून सांगतो: सरांची ढेरी वर्गात शिरून पहिल्या बाकावर हजेरी घ्यायला लागायची, तेव्हा सर मागे जिन्यात असायचे. अंगात मोतिया रंगाचा सफारी. इस्त्री इतकी कडक, की सर खुर्चीत बसले तरी सफारी थोडा वेळ उभाच राहायचा. हातात निळ्या रेग्झिनची डायरी आणि फूटभर लाकडी पट्टी. दारातून सर म्हणायचे, "स्टार्ट!" आणि डायरी उघडायची. अठ्ठेचाळीस मिनिटांनी "स्टॉप!" म्हणायचे आणि डायरी मिटायची. मधल्या वेळात डायरीतलं पोरांच्या वहीत उतरायचं. वाटेत ते कुणाच्याही डोक्यात शिरू नये याची सर जातीनं काळजी घ्यायचे. कुणी बोट वर केलंच, तर मुदतीआधी "स्टॉप!" यायचा. त्याचा अर्थ, बोट खाली.

त्या डायरीच्या एका समासात "सोमवारी दूध नको, गवळ्याला सांगणे" असं लिहिलेलं होतं. सरांनी एकदा तंद्रीत तेही डिक्टेट केलं. त्या वर्षी तीन पोरांनी राइबोसोमची कार्यं लिहिताना पाचवा मुद्दा म्हणून गवळी घातला. दोघांना पैकीच्या पैकी मार्क मिळाले. तिसऱ्याचा अर्धा कापला, कारण त्यानं सोमवारऐवजी मंगळवार लिहिलं होतं.

सरांचा खास विषय होता ओपन रीडिंग फ्रेम. लाडानं ओआरएफ. मी अकरा वर्षं पाठीमागे उभा राहून ऐकला, त्यामुळे मलाही येतो. डीएनए म्हणजे चार अक्षरांची लांबच लांब माळ: ए, टी, जी, सी. पेशी ती तीन-तीन अक्षरांचे घास करून वाचते. ए-टी-जी हा घास आला की वाचन सुरू. टी-ए-ए किंवा तसलाच एखादा थांब्याचा घास आला की बंद. या सुरू आणि बंदच्या मधला सलग पट्टा म्हणजे ओआरएफ. त्यावरून प्रथिन बनू शकतं, आणि शरीर चालतं ते प्रथिनांवर. आता घास कुठून मोडायचे? पहिल्या अक्षरापासून, दुसऱ्यापासून किंवा तिसऱ्यापासून. म्हणजे वाचायच्या तऱ्हा झाल्या तीन. सर लाकडी पट्टी फळ्यावर आपटून सांगायचे, "तीन! चौथी तऱ्हा ज्याले दिसली, त्यानं डोळे तपासून घ्या."

आता ही तीनची भानगड कुठून आली ते ऐका.

१९९९च्या मे महिन्यात सरांना नागपूरला एका दिवसाच्या उजळणी वर्गाला पाठवलं. नवा अभ्यासक्रम आला होता, आणि सरांचं डीएनएशी तोवर फक्त लग्नपत्रिकेपुरतं नातं होतं. वर्ग संपवून सर परत आले त्या दिवशी सामान उतरवायला मी गोंदिया स्टेशनवर गेलो. बघतो तर सरांबरोबर म्हशीएवढा लोखंडी कूलर! मी आणि दोन हमालांनी तो गार्डाच्या डब्यातून ओढला. सर प्लॅटफॉर्मवर रुमालानं मान पुसत होते.

"सर, हा केव्हा घेतला?"

"वर्गाच्या दिवशीच, हरिणखेडे. बाकीचे सारे गधे दुपारभर लेक्चरमध्ये उंघून राहिले होते. मी सकाळचं ऐकलं, समजलं, आन् निघालो बाजारात. हुशार माणसाले अर्धंच पुरते."

कूलर मी हातगाडीवरून कुडव्याला त्यांच्या घरी नेला. माझ्या कमरेत आजही जी कळ येते, ती त्या दिवशी आली, आणि तीही सरांसारखीच, अर्धी येते अन् तिथंच मुक्काम करते.

पुढे एकदा डायरी लॅबच्या टेबलावर राहिली होती. माणूस म्हटलं की हात जातोच. उजळणी वर्गाच्या तारखेच्या पानावर लिहिलं होतं: "सकाळचे सत्र: फ्रेम एक, दोन, तीन." त्याखाली "दुपारचे सत्र" आणि पुढे कोरं. सगळ्यात खाली: "कूलरचे गवत जाड मागणे." तेव्हा मला त्यात काही विशेष वाटलं नाही. मी नळ्या धुणारा माणूस.

सरांनी त्या सकाळच्या ज्ञानावर पाच पट्ट्या तयार केल्या. डीएनएच्या अक्षरांच्या पाच ओळी, कुठल्याशा परदेशी पुस्तकातून उतरवलेल्या. त्या मीच टाईप करून लॅमिनेट केल्या. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाच्या प्रॅक्टिकलला पोरांनी स्टीलच्या डब्यातून चिठ्ठी काढायची, त्या नंबरची पट्टी घ्यायची, आणि तीत ओआरएफ शोधून द्यायचा. पट्ट्या पाच, वर्षानुवर्षं त्याच, उत्तरंही तीच. सीनियर पोरं ज्युनियरांना वाढदिवसाच्या भेटीसारखी उत्तरं देऊन जायची. एक नंबरला अमुक अक्षरापासून, दोन नंबरला तमुक. आणि चार नंबर ही लॉटरी! कारण चार नंबरचं उत्तर एका ओळीत: "या पट्टीत ओआरएफ आढळत नाही." लिहिलं की वीसपैकी अठरा. पाच मिनिटांत पोरगं कँटीनमध्ये समोसा खाताना दिसायचं.

"सर," मी एकदा विचारलं, "ज्याच्यात काहीच नाही, ती पट्टी परीक्षेला कायले ठेवता?"

"हरिणखेडे, जे माझ्या पट्टीत नाही ते पेपरात नाही. जे पेपरात नाही ते दुनियेत नाही. पोरांना हे पण समजलं पाहिजे ना?"

बाहेरून परीक्षक यायचे त्यांचीही सरांनी सोय लावून ठेवली होती. आमच्याकडचा चिन्नोर तांदूळ तुम्ही खाल्ला असेल तर सांगायला नको. नसेल खाल्ला तर सांगून उपयोग नाही. एका घरी शिजला की चार घरांतली माणसं ताट घेऊन दारात येतात असा वास. परीक्षक सकाळी नागपूरच्या गाडीनं उतरले की दहा वाजता नाश्ता, बारा वाजता चिन्नोरचा भात, वरण, वर तूप, आणि मग विश्रामगृहात आडवं व्हायचं. चार वाजता डोळे उघडायचे तेव्हा उशाशी गुणपत्रिका आणि पायथ्याशी चिन्नोरची पिशवी. सही झाली की गाडी. एक परीक्षक तर सही करून झोपेतच उलट्या गाडीत चढले आणि रायपूरला उतरले, असं सर अभिमानानं सांगायचे. ही गोष्ट मात्र मी वाढवलेली नाही. सरांनी वाढवली असेल.

या सगळ्या बंदोबस्तात संघमित्रा रामटेके आली.

सडक अर्जुनीची पोरगी. बापाचं हायवेवर ट्रकचे पंक्चर काढायचं दुकान. ही कुडव्यात खोली करून राहायची, सायकलनं यायची. सायकलची चेन दिवसातून चार वेळा उतरायची, त्यामुळे बोटं कायम काळी. पहिल्याच महिन्यात तिनं सरांच्या स्टार्ट आणि स्टॉपच्या मध्ये बोट वर केलं. काळं बोट दुरून पण दिसते.

"सर, डीएनएच्या दोन साखळ्या असतात ना जी? मग आपण एकीवरच काऊन वाचतो? दुसरीवर उलटीकडून वाचलं, तर आणखी तीन तऱ्हा होतात. सहा झाल्या ना जी."

भिंतीवरच्या पालीनं सुद्धा मान वळवून सरांकडे पाहिलं.

"स्टॉप!" सर म्हणाले. "तुमच्या घरी पुस्तक दोन्हीकडून वाचतात का?"

"घरी पुस्तकच नाही जी. म्हणून तर इथं आली."

पोरं हसली. कुणावर हसली हे सरांना ठरवता येईना. म्हणून त्यांनी तिलाच वर्गाबाहेर काढलं. लॅबच्या दारात ती माझ्याशेजारी उभी राहिली आणि मला म्हणाली, "भाऊ, लायब्ररीची चाबी कोणापाशी असते?" पुस्तकांचं कपाट उघडायला कुणी चाबी मागितली म्हणून ग्रंथपाल त्या दिवशी दहा मिनिटं चाबी शोधत होते. शेवटी चाबीला जाळं लागलेलं सापडलं.

प्रॅक्टिकलचा दिवस आला. त्या पोरीचं काय पणाला लागलं होतं ते आम्हा सगळ्यांना माहीत होतं. नागपूरला एम.एस्सी.ला जागा मोजक्या. प्रॅक्टिकलमध्ये मार खाल्ला तर नागपूर गेलं. आणि नागपूर गेलं तर डी.एड.चा फॉर्म बापानं भरून कपाटात ठेवला होता, तो नुसता वाट पाहून राहिला होता. डी.एड. वाईट असं मी म्हणत नाही. पण ज्या पोरीनं चाबीला लागलेलं जाळं काढलं, तिनं परत कुलूप लावून घरी जावं हे काही मला बरोबर वाटत नव्हतं.

तिनं डब्यात हात घातला. चिठ्ठी निघाली चार नंबरची.

पोरांनी "लॉटरी!" म्हणून बाक वाजवले. सर पण दिलदारपणे म्हणाले, "चला, रामटेकेचं नशीब. लवकर आटप, उगा कागद खराब करू नको."

पाच मिनिटं झाली. अर्धा तास झाला. बाकीची पोरं समोसे खाऊन परत आली, वर चहा पण झाला. ही खाली मान घालून लिहूनच राहिली. मी पाणी द्यायच्या निमित्तानं जवळ गेलो.

"मित्राबाई, अगं, चार नंबरमध्ये काही नसते. एक ओळ लिही आन् मोकळी हो. अठरा मार्क बसले आहेत तिथं."

"भाऊ, आहे जी," ती पुटपुटली. "हे बघा, इथं सी-ए-टी आहे. दुसऱ्या साखळीवर ए समोर टी असते आन् सी समोर जी, म्हणून तिथं उलटीकडून वाचलं तर त्याचं ए-टी-जी होते. तिथून पुढे चौतीस घास, मध्ये एकही थांबा नाही. आन् मग टी-ए-ए."

"पण सरचं उत्तर 'नाही' आहे ना, बाप्पा!"

तिनं माझ्याकडे पाहिलं. "मग मी काय लिहू, भाऊ? डोळ्यांपुढं दिसून राहिलं ते नाही म्हणून?"

मी पाण्याचा ग्लास उचलून निघून आलो. त्या ग्लासात पाणी होतं की नाही, ते मला आठवत नाही.

सरांनी तिचा पेपर घेतला. चौतीस घासांची ओळ पाहिली. लाल पेननं पेपरच्या एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत अशी काट मारली, की मागचं पान फाटलं. वीसपैकी शून्य. "पट्टी उलटी धरली तर कोणालाही काहीही सापडते," असं म्हणून त्यांनी वरून पेनाचं टोपण लावलं.

एरवी तिथंच संपलं असतं. पण त्या वर्षी नशिबानं घोळ केला. परीक्षक म्हणून बाई आल्या होत्या. बारीक, चष्मा, खांद्याला कापडी पिशवी. सरांनी बारा वाजता चिन्नोरचं झाकण काढलं. वास कॉरिडॉरच्या टोकापर्यंत गेला, बी.कॉम.चा वर्ग सुटला. बाई म्हणाल्या, "मला शुगर आहे. भात बंद आहे."

सरांचा चेहरा मी जन्मभर विसरणार नाही. एवढ्या वर्षांचा बंदोबस्त, आणि त्यात एका माणसाला साखर होऊ शकते हा विचारच नव्हता केला. भात नाही म्हणजे झोप नाही. झोप नाही म्हणजे बाईंना दुपारभर काहीच काम नाही. मग काय करतील? बाई पेपर वाचू लागल्या.

तिसरा-चौथा पेपर असेल. बाई थांबल्या. पट्टी मागवली. पेन्सिलीनं वहीत काहीतरी उतरवलं, उजवीकडून डावीकडे. मग म्हणाल्या, "निखाडे सर, हिचं उत्तर बरोबर आहे."

"मॅडम, आमच्याकडे तीन फ्रेम शिकवतात."

"आमच्याकडे म्हणजे? गोंदियाचा डीएनए वेगळा असतो का?"

मी लगेच परीक्षानळ्या धुवायला घेतल्या. धुतलेल्याच परत धुतल्या, कारण हसू तोंडावर न ठेवता कुठेतरी ठेवणं भाग होतं.

गुणपत्रिकेवर दोघांच्या सह्या लागतात. बाईंनी अठरा लिहिले आणि सही केली. सर म्हणाले, "मी सही करत नाही." बाई म्हणाल्या, "नका करू. मी पेपर, पट्टी आणि तुमचं उत्तर, तिन्ही विद्यापीठात पाठवते." मग दोघं बसून राहिले. चार वाजले. समोसे थंड झाले. बाईंची गाडी गेली. पुढच्या गाडीची वेळ झाली. बाहेर वऱ्हांड्यात मित्रा सायकलची चेन बसवत होती. चेन उतरलेली नव्हती, ती उतरवून परत बसवत होती, असं मला खिडकीतून दिसलं.

शेवटी सरांनी सही केली. पण नुसती सही करून गप्प बसतील ते सर कसले! बाईंना म्हणाले, "मॅडम, चूक आमच्या लॅब असिस्टंटची आहे. पट्टी त्यानं टाईप केली. मी चार नंबरमध्ये ओआरएफ नसलेली ओळ दिली होती, त्यानं असलेली छापली."

म्हणजे ओळ खरी, पोरगी खरी, चूक माझी. आठ दिवसांनी मला लेखी नोटीस आली. मी उत्तर दिलं: "पट्टी टाईप करताना डीएनएची दुसरी बाजू टाईप करायची राहून गेली, त्याबद्दल दिलगीर आहे. दुपारच्या सत्रात मी हजर नव्हतो." प्राचार्यांना काही कळलं नाही, त्यांनी फाईलला लावलं. सरांना कळलं. महिनाभर त्यांनी माझ्याशी बोलणं टाकलं, आणि तो माझ्या नोकरीतला सगळ्यात सुखाचा महिना.

मित्रा नागपूरला गेली. पुढच्या वर्षीच्या परीक्षेला डब्यात चिठ्ठ्या होत्या एक, दोन, तीन, पाच. एका पोरानं विचारलं, "सर, चार नंबर कुठं गेला?"

"स्टॉप!"

तीनच्या सहा मात्र झाल्या नाहीत. सर निवृत्त होईपर्यंत आमच्या कॉलेजचा डीएनए एका साखळीचाच राहिला. निरोप समारंभात सर म्हणाले, "आमची रामटेके आज मोठ्या संस्थेत संशोधन करते. ओआरएफ ती माझ्यापासून शिकली." टाळ्या पडल्या. मी पण वाजवल्या, पण एकाच हातानं. हुशार माणसाला अर्धंच पुरते.

तिचा मला कधीमधी फोन येतो. एकदा विचारलं, आता काय करून राहिली? तर तिनं सांगितलं ते मी लिहून ठेवलं. मोठ्या ओआरएफच्या आधी कधी कधी एक चिमुकला ओआरएफ असतो. वाचणारं यंत्र म्हणजे राइबोसोम. ते आधी त्या चिमुकल्यावर चढते, तिथंच सुरू करते, तिथंच थांबते आन् खाली उतरते. पुढचं मोठं वाचायचं राहूनच जाते. त्यामुळे जीन असूनसुद्धा त्याचं प्रथिन नीट बनत नाही.

"म्हणजे निखाडे सर," मी म्हटलं.

फोनवर ती इतकी हसली, की शेजारच्या खोलीतलं कुणीतरी विचारायला आलं. मग म्हणाली, "पण भाऊ, काही राइबोसोम तिथं न थांबता पुढे निघून जातात जी."

२०१३मध्ये कॉलेजनं तिला व्याख्यानाला बोलावलं. माजी विभागप्रमुख म्हणून सरांना निमंत्रण द्यायचं काम माझ्याकडे आलं. मी दुपारी कुडव्याला गेलो. दार उघडं होतं. तोच कूलर, गंजलेला, पाण्याविना नुसताच गरगरत होता. सर बनियनवर टेबलाशी बसले होते. सफारीशिवाय सर मी पहिल्यांदा पाहिले. अर्धेच वाटले.

त्यांच्यापुढे एक लॅमिनेट केलेली पट्टी होती. कडा पिवळ्या पडलेल्या. टाईप माझाच होता, चार नंबर मी कुठंही ओळखीन. सरांचं बोट पट्टीवरून सरकत होतं, उजवीकडून डावीकडे. ओठ हलत होते. शेजारच्या वर्तमानपत्राच्या समासात पेन्सिल तीन-तीन अक्षरं उतरवत होती. मी मोजत उभा राहिलो. सरांनीही मोजलं. पेन्सिल शेवटाला आली, थांबली, आणि तिनं शेवटच्या तीन अक्षरांभोवती एक गोल काढला. काढून झाल्यावरही ती तो गोल गिरवत राहिली.

मी खाकरलो.

सरांनी पट्टी झटकन पालथी केली. "काऊन आलास?"

"सर, रामटेके मॅडम येऊन राहिल्या, गुरुवारी. तुमची पहिल्या रांगेत खुर्ची आहे." मग राहवलं नाही. "चार नंबरची पट्टी होती ना ती, सर? काही सापडलं का?"

"त्यात काही नाही," सर म्हणाले. "मी तेव्हाच सांगितलं होतं."

कूलरच्या वाऱ्यानं वर्तमानपत्र फडफडून उलटलं. समासात चौतीस घास, एकाखाली एक, एकही चूक नाही, शेवटी गोल. मी वाकून वाचायला लागलो. सरांनी आपला जाडा पंजा त्यावर ठेवला, पूर्ण ओळ झाकली जाईपर्यंत बोटं फाकवली, आणि माझ्याकडे न पाहता म्हणाले,

"स्टॉप."